खमरियाच्या सावलीत चकतीचा डाव

जबलपूरला येणारा प्रवासी बहुधा नर्मदेच्या ओढीने येतो. भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधारचा प्रपात, मदनमहालची टेकडी आणि ग्वारीघाटावरील सायंकाळ एवढे पाहिले म्हणजे आपली यात्रा सफळ झाली असे त्याला वाटते. आणि ते खोटेही नाही. परंतु ज्याला एखादे शहर नुसते पाहावयाचे नसून तेथील माणसे कशी राहतात हेही जाणून घ्यावयाचे असेल, त्याने नदीकडे पाठ करून एक दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला यावे. रांझीची गजबज मागे पडते, दुकाने विरळ होत जातात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या वृक्षांच्या रांगा सुरू होतात. येथून खमरिया लागले असे समजावे.

खमरियात नामांकित देवालय नाही, की किल्ला नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४२ साली येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आधाराने ही वसाहत वाढली. जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासूनच होता; खमरियाने शहराच्या त्या ओळखीत आणखी भर घातली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी संरक्षण उत्पादनाच्या सरकारी कारखान्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आला. त्या कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे, त्यामुळे खमरियाच्या घराघरांतून पुण्याचे नाव आता कामाच्या निमित्तानेही निघते. कारखान्याच्या आत प्रवाशाला प्रवेश नाही, आणि त्याने तो मागूही नये. पाहावयाची ती वसाहत. ईस्ट लँड, वेस्ट लँड अशी इंग्रजी वळणाची नावे मिरवणारे तिचे भाग, क्वार्टरांच्या ओळी आणि घरांपेक्षा वयाने मोठी वाटणारी झाडे.

मराठी माणसाला येथे फार परके वाटत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांकडे आला होता व पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८६१ साली मध्यप्रांत झाला तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदली. शिक्षक, वकील, कारकून, रेल्वेतील नोकर अशा नात्यांनी कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली आणि इकडचीच झाली. त्यांच्या मराठीत हिंदीची एक गोड झाक असते. आमच्या ताईचे बिऱ्हाड अशांपैकीच एक. भाऊजींची सारी नोकरी खमरियात झाली. मुले येथेच लहानाची मोठी झाली.

दिवाळीनंतरच्या दिवसांत तेथे मुक्काम असताना वसाहतीतील मैदानांचे एक दृश्य रोज नजरेस पडे. चार वाजले की मुलगे बॅटी घेऊन उतरत. एकाच मैदानावर तीन-तीन सामने चालत, आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या क्षेत्ररक्षकाच्या पायाशी जाई. मैदानाच्या कडेकडेने मुली, मुलांच्या आया आणि निवृत्त वडीलधारी मंडळी फेऱ्या मारीत. मध्ये खेळणारे आणि भोवती फिरणारे, अशी घराचीच विभागणी झाल्यासारखे ते दिसे. क्रिकेटबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण आजी, आई, मुलगा आणि धाकटी मुलगी या चौघांना एका वेळी सामावून घेईल असा खेळ तो नव्हे. शिवाय मैदानाच्या कडेला जी झाडी असते, ती क्रिकेटच्या दृष्टीने केवळ चेंडू हरवण्याची जागा. त्या झाडीतच खेळता येईल असा काही खेळ असावा काय?

असा खेळ आहे, आणि त्याचे नाव डिस्क गोल्फ. आपण त्याला चकतीचा गोल्फ म्हणू.

जबलपूरच्या भूमीत नव्या खेळाची गोष्ट काढणे अप्रस्तुत नाही. स्नूकर हा टेबलावरचा खेळ १८७५ साली याच शहरात, डेव्हनशर रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मास आला असे मानले जाते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटने बिलियर्डच्या टेबलावर आणखी काही रंगीत चेंडू मांडून पाहिले. वूलिचच्या सैनिकी विद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या छात्राला त्या काळी थट्टेने ‘स्नूकर’ म्हणत. एका सोबत्याचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच नाव ठेवले, आणि मग सर्वांची समजूत घालण्यासाठी म्हटले की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. खेळाचे नाव तेथून पडले. नवशिका या अर्थाचा एक शब्द जबलपुरातून असा जगभर गेला. ज्या शहराने नवशिक्याला एवढा मान दिला, तेथे नवशिक्यांसाठी आणखी एक खेळ मांडण्यास हरकत नसावी.

चकतीच्या गोल्फची कल्पना गोल्फचीच आहे. ठरलेल्या जागेवरून सुरुवात करावयाची आणि कमीत कमी फटक्यांत ठरलेले लक्ष्य गाठावयाचे. फटक्याऐवजी येथे फेक असते, चेंडूऐवजी चकती आणि जमिनीतील खळगीऐवजी खांबावर बसविलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर गोलाकार कड्याला साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांवर आदळली की तिचा वेग मरतो आणि ती खणकन आवाज करीत टोपलीत पडते. गोट्या खेळताना गल गाठण्यासाठी जिवाची बाजी लावणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरजच पडत नाही.

या खेळाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९२६ साली कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ या लहान गावी रॉनल्ड गिब्सन व त्याचे शाळकरी सोबती डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असा एक डाव खेळत, आणि त्याला त्यांनी ‘झाकणांचा गोल्फ’ असे नाव दिले होते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे फ्रिस्बी आडनावाच्या कुटुंबाचा पक्वान्नांचा कारखाना होता; त्याच्या रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनारी फ्रेड मॉरिसन या तरुणाने आधी केकचे भांडे फेकून पाहिले. महायुद्धात वैमानिक म्हणून काम केल्यावर त्याने प्लास्टिकची चकती बनविली आणि १९५७ साली व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीला तिचे हक्क दिले. ‘फ्रिस्बी’ हे नाव तिला त्याच वर्षी मिळाले. त्याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी चकतीच्या पाठीवर वर्तुळाकार रेषा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले, आणि १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. आरंभी तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली तयार केली आणि १९७७ साली तिचे पेटंट मिळविले. आज जगात या खेळाची पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत, आणि फिनलंडसारख्या लहानशा देशात तर तो घरोघरचा खेळ झाला आहे.

या साऱ्या हकिगतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टोपली शेवटी आली. अर्धशतकभर मुले झाडांवर, खांबांवर आणि जमिनीवर आखलेल्या वर्तुळांवर नेम धरूनच खेळत होती. तेव्हा ज्या गावी टोपली नाही तेथे हा खेळ नाही असे समजू नये.

खमरियात आम्ही तेच केले. भाचीने टपालाने तीन चकत्या मागविल्या होत्या. मैदानाच्या कडेला कडुनिंब, चिंच, मोह, जांभूळ व पळस यांची मिश्र झाडी आहे. भाऊजींनी नऊ झाडे निवडली आणि प्रत्येकाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर गोणपाटाचा पट्टा सुतळीने सैलसर बांधला. चकती त्या पट्ट्याला लागली की तो टप्पा पुरा झाला. गोणपाटामुळे लक्ष्य लांबून दिसते आणि झाडाच्या सालीला इजाही होत नाही. पहिल्या झाडापासून नवव्यापर्यंतचा सारा मार्ग चारशे पावलांहून थोडा अधिक भरला.

पहिला टप्पा मुद्दाम सोपा ठेवला होता, चाळीस पावलांवर उघड्यावरचा कडुनिंब. भाचा वसाहतीतील नावाजलेला गोलंदाज. त्याने चकती सारा जोर लावून फेकली. ती उंच गेली, डावीकडे वळली आणि कण्हेरीच्या कुंपणात शिरली. धाकटी भाची दहा वर्षांची. तिची चकती पंधरा पावलांवर पडली, पण समोरच पडली. तिसऱ्या फेकीला तिने गोणपाट गाठले, तेव्हा भाऊ अजून कण्हेरीतून चकती काढीत होता.

तिसरा टप्पा दोन चिंचांच्या मधून जातो. फांद्या खाली वाकलेल्या, म्हणून चकती गुडघ्याएवढ्या उंचीवरून सपाट फेकावी लागते. येथे ताईने सर्वांना मागे टाकले. पाचव्याला वाटेत पावसाळी पाण्याचा कोरडा ओहोळ आहे. चकती त्यात पडली तर एक फेक दंड, असा नियम मुलांनी आपणच केला. सातव्याला जांभळामागे दडलेला पळस वळसा घालून गाठावयाचा असतो. उजव्या हाताने, हात छातीकडे आणून फेकलेली चकती वेग ओसरला की आपोआप डावीकडे झुकते. भाच्याला कण्हेरीत नेणारी हीच खोड येथे उपयोगी पडली. तो हसत म्हणाला, “मामा, ही तर आपली लेगस्पिनच आहे!”

ताईच्या सासूबाई खुर्चीवर बसून गुण मांडीत होत्या. सातवा टप्पा झाल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, “द्या पाहू ती ताटली इकडे.” वय पंचाहत्तरीच्या घरातले, दूर फेकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी प्रत्येक फेक वीस पावलांची केली, पण सरळ केली. आठवा आणि नववा टप्पा मिळून त्यांना आठ फेकी लागल्या, भाच्यालाही आठच. मुलीने टाळ्या पिटल्या आणि म्हटले, “आजी, उद्या पहिल्यापासून खेळायचं हं!” दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यापासून खेळल्या.

या खेळाचे मर्म त्यात आले. येथे जोरापेक्षा नेम मोठा. चकती हवेत टिकते ती तिच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे. गिरकी नसेल तर कितीही बळ लावले तरी ती डळमळून खाली येते. मनगटाने गिरकी द्यावी, चकती जमिनीला समांतर सोडावी आणि हात लक्ष्याच्या दिशेने जाऊ द्यावा, एवढे पहिल्या दिवसाला पुरे. गोल्फच्या चकत्या साधारण एकवीस-बावीस सेंटिमीटर व्यासाच्या व दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाच्या असतात. दूर पल्ल्याच्या, मधल्या पल्ल्याच्या आणि जवळच्या नेमाच्या असे त्यांचे तीन प्रकार आहेत. दूर पल्ल्याच्या चकतीची कड धारदार असते आणि ती वेगाने फेकली तरच नीट उडते. म्हणून नवशिक्याने जाड, बोथट कडेची जवळच्या नेमाची चकती घ्यावी. नऊ टप्प्यांच्या लहान मैदानाला तेवढी एकच पुरते.

नियमही थोडेच आहेत. चकती जेथे थांबली तेथून पुढची फेक करावी. ज्याची चकती लक्ष्यापासून सर्वांत दूर, त्याची पाळी आधी. लहान टप्प्याला बहुधा तीन फेकींचा हिशेब धरतात. त्याहून कमी लागल्या तर शाबासकी, अधिक लागल्या तर उद्याची आशा. पण सर्वांत मोठा नियम एकच: वाटेवर माणूस असेल तर चकती हातातून सुटता कामा नये. कठीण प्लास्टिकची ती वस्तू वेगात लागली तर डोळ्याला वा डोक्याला दुखापत करते. उद्यान सर्वांचे असते, आणि तेथे फिरणाऱ्याचा हक्क खेळणाऱ्याच्या आधी येतो. म्हणून टप्पे आखताना फिरण्याची वाट, बाके आणि लहान मुलांचे झोपाळे फेकीच्या दिशेत येणार नाहीत हे प्रथम पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपली गावे वाढत आहेत आणि मोकळ्या जागा आकसत आहेत. जी उरते तिच्यावर एकाच खेळाचा हक्क बसतो. कुंपण पडते, झाडे तुटतात, जमीन सपाट होते आणि मग उरलेल्या माणसांनी कुंपणाबाहेरून पाहावयाचे. गोल्फचेच उदाहरण घ्या. आपल्या देशात कलकत्त्याला १८२९ पासून त्याचा क्लब आहे. तो खेळ सुंदर आहे. पण अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते, आणि ती बारमाही हिरवी ठेवण्यास पाणी व माणसे लागतात. चकतीच्या नऊ टप्प्यांचे लहान मैदान चार-पाच एकरांच्या झाडीत बसते. त्याला गवत कापावे लागत नाही, पाणी घालावे लागत नाही आणि एकही झाड तोडावे लागत नाही. उलट झाड तोडले तर खेळाची गंमतच नाहीशी होते. क्रिकेटला आड येणारी चिंच येथे खेळाचे मुख्य अंग ठरते.

तथापि हा खेळ झाडीला अगदी निरुपद्रवी आहे असेही समजू नये. रोज शेकडो चकत्या एकाच बुंध्यावर आदळल्या तर साल फुटते व तेथून कीड शिरते. एकाच वाटेने पावले पडत राहिली तर माती दबते, गवत मरते आणि पहिल्या पावसात ती माती वाहून जाते. खमरियाच्या गोणपाटाची युक्ती तेवढ्यासाठीच. लक्ष्यांची झाडेही दर महिन्याला बदलावीत, कोवळी रोपे फेकीच्या वाटेत ठेवू नयेत आणि पावसाळ्यात मैदानाला विश्रांती द्यावी. बुंध्याला खिळा तर कधीच ठोकू नये.

आणखी एक मर्यादा खमरियाच्या शेजारीच दिसते. विमानतळाच्या वाटेवर डुमना निसर्ग उद्यान आहे. खंदारी जलाशयाच्या भोवतालचे ते रान महानगरपालिकेने राखले असून तेथे चितळ, रानडुकरे आणि नाना जातींचे पक्षी नांदतात. बिबट्याचीही चाहूल असते. भाच्याने उत्साहाने विचारले, “मामा, तिथे अठरा टप्पे सहज बसतील ना?” बसतील, निःसंशय. पण तेथे ते बसवू नयेत. वसाहतीच्या मैदानाकडेची झाडी माणसांच्या पायांखालची आहे. तिला खेळ शोभतो. डुमनाची झाडी चितळांच्या पायांखालची आहे. तेथे माणसाने पाहुण्यासारखे जावे, हळू बोलावे आणि रिकाम्या हातांनी परत यावे. जागा पाहून खेळ बेतावा, खेळासाठी जागा बदलू नये, हा धडा ज्याला कळला त्याला चकतीचा गोल्फ निम्मा आला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ज्या वाचकांना आपल्या गावी हा डाव मांडून पाहावयाचा असेल त्यांनी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ निवडावा. जबलपूरकडील उन्हाळा कडक, पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा खेळ सूर्योदयानंतरच्या घटकाभरापुरताच ठेवावा. ज्यांची ती जागा आहे त्यांची आधी परवानगी घ्यावी. टप्पे चाळीस ते सत्तर पावलांचे असावेत. पहिला आणि शेवटचा सोपा, म्हणजे आरंभी धीर येतो आणि घरी परतताना मन प्रसन्न राहते. चकती न मिळाल्यास जुन्या रबरी टायरची गोल कडी वा काठ वळविलेली हलकी ताटलीही चालते. तीक्ष्ण कडेचा पत्रा मात्र वापरू नये. गाव सधन असेल आणि नगरपालिकेने मनावर घेतले, तर पुढे टोपल्याही बसविता येतील.

फाल्गुनात ताईचे पत्र आले. मैदानाच्या कडेचे सातवे लक्ष्य, तो दडलेला पळस, आता केशरी फुलांनी पेटला आहे आणि लांबूनही लपत नाही. त्यामुळे तो टप्पा फार सोपा झाला अशी मुलांची तक्रार आहे. शेजारच्या क्वार्टरांतील तीन घरे खेळात सामील झाली आहेत; त्यांत एक बंगाली, एक तमिळ आणि एक जबलपूरचेच. गुण मांडण्याचे काम आता दुसऱ्या कोणाकडे दिले आहे, कारण आजी खेळण्यात गुंतलेल्या असतात.